घडी करून नेता येणारं ऑपरेशन थिएटर

वडिलांच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. रात्रीपासून काही खायचं नाही, सकाळी सातला यायचं, सोबत जुने रिपोर्ट आणायचे, असं सगळं सिस्टरांनी समजावून सांगितलं होतं. दोन दिवस आधी फोन आला. थिएटरच्या छतातून पाणी झिरपतंय, दुरुस्तीचं काम काढलंय, तीन आठवडे थांबावं लागेल. बाबांना हे काही पटेना. आम्ही चौकशीला गेलो तेव्हा ते भूलतज्ज्ञ मॅडमना सरळ म्हणाले, "अहो, एका खोलीचं छत गळतंय, तर शेजारच्या खोलीत करा. टेबलच तर हलवायचंय."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, टेबल मी आत्ता हलवते. हवा कशी हलवू?"

आणि जरा थांबून म्हणाल्या, "ते फक्त मिलिटरीवाल्यांना जमतं."

त्या दोन वाक्यांनी माझ्या डोक्यात घर केलं. ऑपरेशन थिएटर म्हणजे टाइल्स लावलेली, मोठा दिवा टांगलेली एक स्वच्छ खोली, असं मी इतकी वर्षं समजत होतो. पुढे जे वाचत गेलो, त्यातून कळलं की ती खोली हा थिएटरचा सगळ्यांत कमी महत्त्वाचा भाग आहे. बाकीचं सगळं, म्हणजे खरं थिएटर, पेट्यांत भरून, ट्रकवर चढवून, वेळप्रसंगी विमानातून खाली टाकूनही नेता येतं. माणसाने हे कसं साधलं, याची गोष्ट मला विलक्षण वाटते.

आधी हवेचं पाहू. चांगल्या थिएटरमधली हवा तासाला निदान २० वेळा बदलते, म्हणजे दर तीन मिनिटांनी खोलीभर नवी हवा. ही हवा ज्या जाळीतून गाळून येते तिला हेपा फिल्टर म्हणतात. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, यावरून अंदाज यावा. शिवाय आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो. त्यामुळे दार उघडलं की हवा आतून बाहेर जाते, बाहेरची आत शिरत नाही. उघड्या पोटावर वाकलेल्या सर्जनच्या डोक्यावरून ही गाळीव हवा संथपणे खाली उतरत असते, आणि त्या खोलीत कोणाला तिचा पत्ताही नसतो.

आता शेजारी छत फोडायला घेतलं की काय होतं? जुन्या प्लास्टरमध्ये, ओल धरलेल्या भिंतीत, फॉल्स सीलिंगच्या वर साठलेल्या धुळीत अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात. आकार दोन-तीन मायक्रॉन. पहिला हातोडा पडला की ते उडतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. तुमच्या-माझ्या धडधाकट फुप्फुसांना त्यांचं काही वाटत नाही, रोज आपण ते श्वासातून घेतच असतो. पण केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव बदललेल्या, प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात तेच बीजाणू रुजले तर जिवावर बेततं. इमारतीचं काम चालू असताना रुग्णालयात अशा संसर्गाची साथ आल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. म्हणून काम निघालं की प्लास्टिकचे पडदे जमिनीपासून छतापर्यंत चिकटवतात, कामाच्या जागेतली हवा बाहेर ओढून घेतात, राडारोडा झाकून नेतात, आणि थिएटर बंद ठेवतात. बाबांची तारीख पुढे ढकलणारे लोक आळशी नव्हते. ते त्यांना जपत होते.

साध्या रुग्णालयाला अशा वेळी तारखा पुढे ढकलणं किंवा रुग्ण दुसरीकडे पाठवणं, एवढंच हातात असतं. लष्कराच्या रुग्णालयाकडे आणखी एक वाट असते. युद्धभूमीसाठी तयार ठेवलेलं शस्त्रक्रिया पथक काढायचं आणि रुग्णालयाच्याच आवारात, पार्किंगच्या जागेवर उभं करायचं. अमेरिकी लष्कराने हे केलेलं आहे. आत सुतार आणि प्लंबर काम करतायत, बाहेर तंबूत सर्जन. मला यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट ही वाटते की दोघांचंही भलं होतं. युद्ध नसताना ही पथकं गोदामात पडून राहतात. रबर कडक होतं, जनरेटर धूळ खातो, आणि जवानांचा सराव प्लास्टिकच्या पुतळ्यांवर चालतो. आवारात तंबू ठोकून खऱ्या माणसाचं पित्ताशय काढायची वेळ आली की कुठली नळी दोन इंच आखूड पडते, कुठला प्लग कुठल्या सॉकेटात बसत नाही, हे गोळीबाराविना कळतं. आणि काही बिघडलंच तर पन्नास पावलांवर पक्क्या भिंतींचा अतिदक्षता विभाग असतोच.

अशा पथकाचं शरीर कसं असतं? अमेरिकी पद्धतीत शस्त्रक्रियेची खोली मालवाहू कंटेनरच्या मापाची असते. जहाजावर, ट्रकवर ती साधी पेटी म्हणून प्रवास करते. जागेवर पोचली की दोन्ही बाजू बाहेर ओढून काढतात, जमीन आणि छत उलगडतात, आणि एका कंटेनरच्या तिप्पट रुंदीची खोली होते. तीत दोन ऑपरेशन टेबलं मावतात. तिला जोडून तंबू, तंबूला तंबू, मध्ये कापडी बोळ. वॉर्ड, एक्स-रे, प्रयोगशाळा, निर्जंतुकीकरण, औषधं, सगळं एका कापडी गावासारखं पसरतं. याहून हलकं एक पथक असतं, फक्त २० माणसांचं. जागेवर पोचल्यापासून तासाभरात दोन टेबलं चालू करायची आणि ७२ तासांत ३० जखमींपर्यंत सांभाळायचे, असं त्याचं गणित बांधलेलं आहे. आपल्याकडे लग्नाचा मांडव घालणाऱ्यांना तासाभरात काय काय जमतं ते आठवावं, आणि मग त्या मांडवात पोट उघडायचं आहे हेही आठवावं.

या कल्पनेचा एक पूर्वज मला फार आवडतो. तो घडला तोही एका रुग्णालयाच्या दुरुस्तीच्या वेळीच.

क्रिमियन युद्धात जखमी आणि आजारी ब्रिटिश सैनिकांना इस्तंबूलजवळच्या स्कुटारी इथल्या बराकीत आणत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथेच होत्या. बराकीखालची गटारं तुंबलेली, पिण्याच्या पाण्याच्या वाटेत मेलेली जनावरं, वॉर्डात हवा नाही. १८५५ च्या फेब्रुवारीत तिथला मृत्यूचा आकडा शेकडा ४२ वर गेला होता. मार्चमध्ये लंडनहून एक आरोग्य आयोग आला. त्याने गटारं उपसली, भिंतींना चुना दिला, खिडक्या उघडल्या. जूनपर्यंत तो आकडा शेकडा दोनवर आला. औषधं तीच, डॉक्टर तेच. इमारत दुरुस्त झाली, एवढंच.

त्याच फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने इसंबार्ड किंगडम ब्रुनेल यांना विचारलं: एक हजार खाटांचं रुग्णालय इथे बनवून तिकडे नेता येईल का? ब्रुनेल हे रेल्वे, पूल आणि जहाजांचे इंजिनिअर, रुग्णालयाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी आठवड्याच्या आत आराखडा काढला. लाकडाचे सुटे भाग, आणि त्यातला कुठलाही भाग दोन माणसांना उचलता येईल इतकाच जड. पन्नास-पन्नास रुग्णांच्या एकसारख्या इमारती, प्रत्येकीत तिची स्वतःची संडास-मोरी आणि नळ. जमीन चढ-उताराची असली तरी बोळाला बोळ जोडत हव्या तितक्या वाढवता याव्यात, अशी मांडणी. उन्हाने तापू नयेत म्हणून छतांना पांढरा रंग. आणि प्रत्येक इमारतीला एक पंखा, एका माणसाने फिरवायचा. तो जमिनीखालच्या मार्गाने ताजी हवा आत ढकलायचा.

ढकलायचा, हे मुद्दाम सांगतो. त्या काळात हवा खेळती ठेवायची तर आतली ओढून बाहेर टाका, असा विचार होता. ब्रुनेल यांनी उलट केलं. हवा ओढली तर तिच्या जागी संडासाकडची, फटीतली, कुठलीही घाण हवा आत येणार. ताजी हवा आत रेटली तर घाण हवा आपोआप बाहेर जाणार. जंतू हा शब्द तेव्हा रोगाच्या संदर्भात कोणी वापरत नव्हतं, पाश्चर आणि लिस्टर यांचं काम अजून पुढे होतं. आजच्या थिएटरमधला जास्तीचा दाब, मॅडम जो हलवता येत नाही म्हणत होत्या, तो एका रेल्वे इंजिनिअरने लाकडी खोपटात आणून ठेवला होता.

दार्दानेल्सच्या काठी रेंकिओई नावाच्या जागी ते रुग्णालय उभं राहिलं. १८५५ च्या ऑक्टोबरात पहिले रुग्ण आले. पुढच्या वर्षी युद्ध संपलं आणि ते उतरवलं गेलं. तोवर तेराशेच्या आसपास सैनिकांनी तिथे उपचार घेतले आणि त्यांतले पन्नासच्या आसपास दगावले. तिथे पोचलेले रुग्ण स्कुटारीच्या मानाने कमी खंगलेले होते, हे खरं. तरी हा फरक फक्त नशिबाचा म्हणून सोडून देता येत नाही.

हवेनंतर वाफ. सर्जनचे चिमटे, कात्र्या, हिरव्या चादरी, गॉज, सगळं निर्जंतुक हवं. उकळत्या पाण्याने भागत नाही, कारण काही जंतूंचे बीजाणू १०० अंशांतही तग धरतात. वाफेला कोंडून दाब वाढवला की तिचं तापमान १२१ अंशांवर जातं, आणि त्या तापमानाला ठरलेली मिनिटं ठेवलं की काहीही जिवंत उरत नाही. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा तोही याच तापमानाच्या आसपास असतो. फील्ड युनिटचा ऑटोक्लेव्ह हा त्या कुकरचाच थोरला भाऊ. मौज अशी की लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे नुसत्या उकळण्यावर विसंबलं तर घात होईल. कोंडलेली वाफ मात्र डोंगरावरही, दाब राखला तर, आपलं काम चोख करते.

पाण्याचा हिशेबही नीट ठेवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे एका शस्त्रक्रियेमागे १०० लिटर पाणी धरतात. दिवसाला पंधरा शस्त्रक्रिया म्हटल्या तर दीड हजार लिटर फक्त थिएटरचं, वॉर्ड आणि स्वयंपाक वेगळा. दुष्काळी गावात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हा आकडा लगेच कळेल. म्हणून तंबूंच्या आधी पाण्याची जागा पाहतात.

ऑक्सिजनची युक्ती तर जादूसारखी आहे. सिलिंडर जड असतात, संपतात, आणि त्यांवर गोळी बसली तर अनर्थ. पण हवेत २१ टक्के ऑक्सिजन फुकट आहे. झिओलाइट नावाच्या खनिजाचे बारीक दाणे दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि दाब सोडला की तो सोडून देतात. एका नळकांड्यातले दाणे नायट्रोजन शोषत असताना दुसऱ्यातले तो बाहेर टाकतात, मग आळीपाळीने अदलाबदल. दुसऱ्या टोकाला ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन येत राहतो. वीज असेपर्यंत तो संपत नाही. कोविडच्या दिवसांत घरोघरी जी घरघरणारी पेटी आली होती, ती हीच.

भुलेचंही तसंच. १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी रशियन सर्जन निकोलाय पिरोगोव्ह यांनी कॉकेशसच्या लढाईत तो वापरला. माणसं वेदनेशिवाय कापली जाऊ शकतात, ही गोष्ट वर्षभराच्या आत राजधान्या ओलांडून रणांगणावर पोचली होती. आजच्या रुग्णालयातलं भुलेचं यंत्र दाबाखालच्या गॅसवर चालतं. तंबूत चालणारं साधं यंत्र रुग्णाच्या स्वतःच्या श्वासावर चालतं. तो श्वास घेतो तेव्हा हवा भुलेच्या द्रवावरून वाहत त्याच्या छातीत जाते. गॅसची पाइपलाइन नको, सिलिंडर नको. आणि केटामीन हे १९६२ मध्ये तयार झालेलं औषध तर फील्ड सर्जनांचं लाडकं, कारण ते दिल्यावर बहुतेकदा रुग्णाचा श्वास चालू राहतो आणि रक्तदाब कोसळत नाही. रक्त गेलेल्या माणसाला याच दोन गोष्टींची हमी हवी असते.

रक्ताची तर गोष्टच वेगळी. थंड पेटीत रक्ताच्या पिशव्या असतात, दोन ते सहा अंशांत जपलेल्या. त्या संपल्या की पथक स्वतःकडे वळतं. कोणाचा रक्तगट काय, हे आधीच तपासून नोंदलेलं असतं. स्वयंपाकी, ड्रायव्हर, कारकून, ज्याचा गट जुळतो तो बाही वर करून येऊन बसतो. याला चालती रक्तपेढी म्हणतात. ते ताजं, ऊबदार रक्त शेजारच्या टेबलावर पडलेल्या माणसात जातं. ऊबदार हा शब्द इथे शोभेचा नाही. खूप रक्त गेलेल्या जखमीचं अंग गार पडतं, गार अंगात रक्त गोठेनासं होतं, आणि गोठत नाही म्हणून आणखी वाहतं. या चक्राला तोडायचं तर तंबू गरम ठेवावा लागतो. सर्जनला घाम फुटला तरी चालेल.

फील्ड सर्जरीतलं एक तत्त्व मला सुरुवातीला उलटंच वाटलं होतं. युद्धातली जखम लगेच शिवत नाहीत. मातीचे, कपड्यांचे, स्फोटाचे कण आत खोल गेलेले असतात. मेलेलं मांस काढून, धुऊन, जखम उघडीच ठेवतात आणि चार-पाच दिवसांनी, ती निरोगी दिसली तरच, टाके घालतात. पोटाच्या मोठ्या जखमेतही रक्त थांबवायचं, फुटलेलं आतडं बांधायचं, गॉज भरायचं आणि पोट तसंच उघडं झाकून रुग्णाला उबेत न्यायचं. उरलेलं ऑपरेशन एक-दोन दिवसांनी. अर्धवट सोडण्याचं धाडस शिकायला सर्जनांना फार वर्षं लागली.

इथवर सगळी यंत्रं झाली. पण यांतलं काहीच हाताशी नसताना हे काम ज्यांनी केलं, त्यांत आपला एक सोलापूरकर आहे.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १९१० चा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून शिकले, आणि १९३८ मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले. त्या पाचांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्याच काळात चीनमध्ये नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे सर्जन काम करत होते. त्यांनी १९३८ च्या सप्टेंबरात सुंगयेनखौ गावात एक आदर्श रुग्णालय उघडलं. काही आठवड्यांतच जपानी सैन्याने ते उद्ध्वस्त केलं. तेव्हा बेथ्यून यांनी ठरवलं की अशा लढाईत रुग्णालयाने एका जागी बसायचंच नाही. त्यांनी थिएटर खेचरांवर चढवलं. घडीचं टेबल, हत्यारं, ड्रेसिंगचं सामान, सगळं कमानीच्या आकाराच्या खोगिराला टांगलेल्या खोक्यांत, जवळपास शंभर शस्त्रक्रियांना पुरेल एवढं. १९३९ च्या एप्रिलमध्ये एका लढाईत त्यांनी ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या. त्याच वर्षी ऑपरेशन करताना त्यांचं बोट कापलं, हातात मोजे नव्हते, जखम चिघळली आणि नोव्हेंबरात रक्तात विष पसरून ते गेले. रबराचा एक हातमोजा म्हणजे काय, हे यापुढे मी विसरणार नाही.

बेथ्यून यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाची सूत्रं १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. १९४० च्या एका लढाईत ते ७२ तास जवळजवळ न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया करत होते, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहायला घेतलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी फिट्सच्या आजाराने ते गेले. वय ३२. त्यांची शस्त्रक्रियागृहं म्हणजे शेतकऱ्यांची घरं आणि देवळं, धूळ पडू नये म्हणून छताला बांधलेली पांढरी चादर. हवा हलवता येत नव्हती, तेव्हा निदान वरून पडणारी माती अडवायची.

आपल्या लष्कराची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही त्याच परंपरेतली. १९५० च्या नोव्हेंबरात ती युद्ध चालू असलेल्या कोरियात उतरली. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज तिचे प्रमुख, आपल्या पहिल्या छत्रीधारी सैनिकांपैकी एक. पथक प्योंगयांगला पोचलं आणि थोड्याच दिवसांत चिनी सैन्य चालून आलं, माघारीचा हुकूम निघाला. वाहनं नव्हती. सामान जाळून निघावं, असा सल्ला होता. पण शस्त्रक्रियेचं सामान जाळलं की पथकात उरतं काय? त्यांना सोडून दिलेली एक आगगाडी सापडली. इंजिनात पाणी नव्हतं. जवानांनी रांग लावली, बादल्या हातोहात पुढे सरकवत बॉयलर भरला, इंजिनाची थोडीफार माहिती असलेल्यांनी ते पेटवलं, आणि पूल उडवले जायच्या आधी ते सगळं थिएटर दक्षिणेला घेऊन आले. मला ही बादल्यांची रांग फार जवळून दिसते. थंडीने गोठलेली बोटं, आणि डब्यात बांधून ठेवलेले चिमटे आणि ऑटोक्लेव्हचे ड्रम.

२३ मार्च १९५१ रोजी मुनसान इथे अमेरिकी छत्रीधारी सैन्य उतरलं, तेव्हा रंगराज आणि त्यांच्या पथकातले मिळून १२ भारतीय सामानासह विमानातून उडी मारून त्यांच्याबरोबर उतरले आणि जमिनीवर पोचताच कामाला लागले. पुढच्या दिवसांत त्यांनी शंभरावर शस्त्रक्रिया केल्या. रंगराज यांना महावीरचक्र मिळालं.

तेच पथक आज ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल म्हणून आग्र्याला असतं. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात भूकंप झाला. इस्केंदरून शहरातल्या सरकारी रुग्णालयाचा एक भाग कोसळला होता. आग्र्याहून ९९ जणांचं पथक तिथे गेलं, ३० खाटांचं रुग्णालय थाटलं, थिएटर, एक्स-रे आणि व्हेंटिलेटरसकट. दोन आठवड्यांपेक्षा कमी दिवसांत साडेतीन हजारांहून अधिक लोक तपासले. २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमारला भूकंप झाला तेव्हा लष्कराचं ११८ जणांचं वैद्यकीय पथक मंडालेला गेलं. रेंकिओई आणि इस्केंदरून ही दोन्ही ठिकाणं आज एकाच देशात आहेत. पहिल्या ठिकाणी ब्रुनेल यांची खोपटं उभी होती आणि दुसऱ्या ठिकाणी आपल्या जवानांचे तंबू.

हे सगळं वाचून मी मॅडमना पुन्हा भेटलो, तेव्हा बाबांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. पाऊण तासात, काही त्रास न होता. मी त्यांना विचारलं, दुरुस्ती संपल्यावर लगेच थिएटर का उघडलं नाही? रंग वाळला होता, दिवे लागले होते, तरी चार-पाच दिवस ते बंदच होतं. त्या म्हणाल्या, आधी धुलाई, मग फिल्टर चालू करून हवा फिरवत ठेवायची, मग टेबलावर, दिव्याजवळ, कोपऱ्यांत उघड्या काचेच्या बशा ठेवायच्या. बशीत जंतूंना आवडेल असं खाद्य असतं. हवेत काही असेल तर ते बशीत पडतं. त्या बशा उबवणीच्या पेटीत दोन-तीन दिवस ठेवल्या की एकेका जंतूचा ठिपका दिसू लागतो. बुरशी दिसायला आणखी वेळ लागतो. ठिपके मोजून अहवाल येतो. अहवाल नीट आला तरच पहिला रुग्ण आत.

तंबूतल्या थिएटरलाही हीच परीक्षा द्यावी लागते. भूकंपात आणि लढाईत ती द्यायला वेळ नसतो, आवारात उभ्या केलेल्या थिएटरला असतो, आणि असतो म्हणून ती घ्यायलाच हवी.

तुमच्या घरातल्या कोणाची तारीख अशीच पुढे गेली तर चिडू नका. त्या बंद दारामागे कोणीतरी हवा मोजत असतं. पण नूतनीकरणानंतरच्या पहिल्या काही याद्यांत तुमच्या माणसाचं नाव असेल, तर एक प्रश्न नक्की विचारा, नम्रपणे पण स्पष्ट: हवेची तपासणी झाली का, आणि अहवाल आला का? चांगल्या रुग्णालयात तो कागद काढून दाखवतात.